उठाबशांचा घरमालक

रकानेसाहेबांना साडूंचा हेवा मुळीच वाटत नव्हता. ही गोष्ट ते स्वतःला दिवसातून चार-पाच वेळा बजावत, आणि ज्या दिवशी साडू जिन्यात भेटत त्या दिवशी सात-आठ वेळा.

हेवा वाटावा असं त्या माणसात होतं तरी काय? दातांचे डॉक्टर. म्हणजे माणसाचं तोंड सोडलं तर बाकीच्या शरीराशी ज्यांचा काही संबंध नाही असे. पोट सपाट होतं, हे कबूल. पण सपाट पोट हा काही गुण नव्हे, तिथे असायला हवं ते नाही एवढाच त्याचा अर्थ, असं रकानेसाहेबांचं प्रामाणिक मत होतं. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. दोघांची घरंही एकाच इमारतीत, हे दुसऱ्या मजल्यावर, ते चौथ्या. त्यामुळे तुलना करायची झाली तर दोन जिने चढण्यापलीकडे कुणाला कष्ट नव्हते.

सुरुवात झाली ती तळमजल्यावरच्या व्यायामाच्या खोलीपासून. रोज सकाळी सहाला खाली जायचं असा बायकोने नेम धरला. नेमाला ती पक्की. अंगात कणकण असो, घरात पाहुणे असोत, सहा म्हणजे सहा. नेम धरलेल्या माणसाशी भांडताही येत नाही, कारण तो भांडायला थांबतच नाही. रकानेसाहेबांची हरकत नेमाला नव्हती. ते त्या वेळी अंथरुणात असत आणि त्यांना तो नेम अजिबात ऐकू येत नसे. हरकत होती ती नेम पुरा झाल्यावरच्या एका गोष्टीला. घाम पुसायच्या आधी बायको फोन काढायची आणि साडूंना कळवायची, "उठाबशा तीस, जोर आठ." साडू पहाटे पाचलाच स्वतःचा व्यायाम उरकून दवाखान्यात पोचलेले असत. त्यांनी नातेवाइकांसाठी एक तक्ता केला होता. ते नोंद करून लगेच उत्तर धाडत, एका फुगवलेल्या दंडाचं पिवळं चित्र. एका महिन्यात तीस दंड आले होते. रकानेसाहेबांनी मोजले होते. कुतूहल म्हणून.

तो तक्ता एकदा त्यांनी पाहिला आणि त्यांच्या हेव्याला, जो मुळात नव्हताच, बसायला सन्मानाची जागा मिळाली. साडूंनी एकाच चौकोनात लिहिलं होतं, 'उठाबशा ३०, जोर ८, दम लागला, गुडघा ठीक.'

"एका रकान्यात चार गोष्टी!" रकानेसाहेब ओरडले. "दम हा आकडा आहे का? मग तो आकड्यांच्या शेजारी काय करतोय?"

"अहो, वाचता येतंय ना?" बायको म्हणाली.

"तुला येतंय. यंत्राला येत नाही."

"माझा दम यंत्राला कशाला वाचायचाय?"

यावर रकानेसाहेब म्हणाले, "मी ॲप करतो. व्यायामाच्या नोंदींचं. रीतसर."

"तुम्ही? व्यायामाचं?"

या दोन शब्दांच्या मधे तिने एवढी जागा सोडली होती की त्यात एक सोफा मावला असता. रकानेसाहेबांना ते लागलं. शहराच्या पाणीपुरवठा कार्यालयात, संगणक विभागात, त्यांनी एकोणीस वर्षं काढली होती. शहर ज्या नळाने दात घासत होतं, तो प्रत्येक नळ त्यांच्या रकान्यांतून जात होता. म्हणून तर ऑफिसने त्यांना रकानेसाहेब हे नाव दिलं होतं. अशा माणसाला उठाबशांचा हिशेब जमणार नाही?

पाण्याच्या नोंदींची त्यांची रचना सगळ्या ऑफिसात वाखाणलेली होती. एकाच्या पोटात दुसरं, दुसऱ्याच्या पोटात तिसरं. घराच्या पोटात घरमालक, घरमालकाच्या पोटात नळजोडणी, जोडणीच्या पोटात मीटर, मीटरच्या पोटात त्याचं वाचन. कुठल्याही नळातून पाणी गेलं की आकडा आतून वर वर चढत जाऊन घरमालकाच्या नावावर बसायचा. एकोणीस वर्षांत या रचनेतून एक थेंब गळला नव्हता. चालती रचना कोण मोडणार? रकानेसाहेबांनी जेवणाच्या टेबलावर मोठा कागद पसरला आणि नळजोडणीच्या जागी 'सदस्य' लिहिलं, मीटरच्या जागी 'व्यायाम', वाचनाच्या जागी 'फेरी'. घरमालक तेवढा होता तिथेच ठेवला. तो हलवावा असं त्यांच्या मनातही आलं नाही. घरमालक हलवायची सवय पाणीपुरवठ्यात कुणालाच नसते.

शेजारी निवृत्त चित्रकला शिक्षक राहायचे. सगळे त्यांना मास्तर म्हणत. ते वर्तमानपत्र मागायला आले आणि कागदावरचे चौकोन पाहून खुर्ची ओढून बसले.

"चौकोनांच्या रेषा चांगल्या आहेत," ते म्हणाले. "पण एक सांगा, विश्रांती कुणाच्या पोटात?"

"कसली विश्रांती?"

"दहा उठाबशा काढल्या. मग माणूस दम खातो. मग पुन्हा दहा. तो मधला दम पहिल्या दहांचा की दुसऱ्या दहांचा?"

रकानेसाहेबांनी पेन्सिल खाली ठेवली. प्रश्न खोल होता. विश्रांती पहिल्या फेरीच्या पोटात टाकावी, तर शेवटच्या फेरीनंतरची विश्रांती मोजावी लागते, आणि ती तर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत चालते. दुसरीच्या पोटात टाकावी, तर दुसरी फेरी झालीच नाही तेव्हा विश्रांती पोरकी होते. मास्तर आणि रकानेसाहेब यावर पावणेदोन तास बोलले. एवढ्या वेळात मास्तरांच्या सुनेने तळमजल्यावर जाऊन व्यायाम करून परत येऊन केस धुतले होते, पण त्याकडे दोघांचंही लक्ष नव्हतं.

"आणि माझे गुडघे कुठे लिहायचे, जावईबापू?" आतून सासूबाईंनी विचारलं. सासूबाई त्यांच्याकडेच राहत. वय चौऱ्याहत्तर.

"गुडघे नाही लिहायचे, आई. व्यायाम लिहायचा. तुम्ही आता दगदग करू नका."

"बरं," सासूबाई म्हणाल्या. त्यांचं 'बरं' हे फार निरुपद्रवी वाटायचं.

मग इमारतीच्या सेक्रेटरींची परवानगी. ॲपला परवानगी लागत नाही असं रकानेसाहेबांनी नम्रपणे सांगून पाहिलं. सेक्रेटरींनी चष्म्यावरून पाहिलं. "खोली कुणाची? समितीची. वजनं कुणाची? समितीची. मग समितीचं वजन कुणी, कधी, किती वेळा उचललं हे समितीला नको कळायला?" प्रत्येक वजनाला समितीने रंगाने क्रमांक घातला होता, तो क्रमांक प्रत्येक नोंदीत आलाच पाहिजे, अशी अट पडली. उठाबशांना वजन लागत नाही म्हटल्यावर सेक्रेटरींनी क्षणभर विचार करून जमिनीला शून्य क्रमांक दिला. अर्ज तीन प्रतींत.

अशी ती रचना पोटात पोट वाढत नऊ पोटांची झाली. घर, घरमालक, सदस्य, आठवडा, दिवस, व्यायाम, उपकरण क्रमांक, फेरी आणि सगळ्यात आत, एखाद्या लाजाळू जिवासारखा, आकडा. पहिल्या सकाळी बायको खालून वर आली आणि फोन टेबलावर ठेवून म्हणाली, "एकेका पोटाचं दार उघडत नववं येईपर्यंत अंग थंड पडलं माझं. आणि किती काढल्या तेही विसरले."

"सवय होईल."

"भावजींना दोन शब्दांत कळवून मोकळी व्हायचे मी."

रकानेसाहेब चहात साखर विरघळल्यानंतरही बराच वेळ चमचा फिरवत राहिले.

खरा घाव साडूंनी घातला. रकानेसाहेबांना वाटलं होतं, साडू नाक मुरडतील, आपल्या तक्त्याची बाजू घेतील, मग चार गोष्टी सुनावता येतील. गोष्टी त्यांनी तयारही ठेवल्या होत्या. पण साडू त्याच संध्याकाळी खाली आले, ॲप पाहिलं आणि म्हणाले, "साडूभाऊ, कमाल आहे तुमची! मला जन्मात जमलं नसतं हे." आणि आपला तक्ता बंद करून सगळ्या नातेवाइकांना नव्या ॲपवर आणून सोडलं. स्वतः तर रोज पहाटे न चुकता नऊ दारं उघडून नोंद करू लागले. इतक्या चांगल्या माणसाचं काय करायचं, हे रकानेसाहेबांना कुणी शिकवलं नव्हतं.

आठवडा संपला. ॲपने पहिल्या पाचांची यादी आपोआप काढली आणि व्यायामाच्या खोलीच्या दाराशी लावलेल्या टीव्हीच्या पडद्यावर झळकवली. पहिला क्रमांक, रकानेसाहेब, उठाबशा सहाशे तीस. दुसरा, दातांचे डॉक्टर, साडेतीनशे. तिसरे मास्तर.

रकानेसाहेब बुटाची नाडी बांधायची असली की जिन्याची पायरी शोधत. सहाशे तीस उठाबशा त्यांनी काढल्या नव्हत्या. चूक कुठे आहे हे त्यांना एका क्षणात कळलं. उठाबशा पाण्यासारख्या वर चढून घरमालकाच्या नावावर बसल्या होत्या. दोन ओळींची दुरुस्ती. त्यांनी लॅपटॉप उघडला, पहिली ओळ शोधली, बोट ठेवलं.

आणि त्यांची नजर पुन्हा यादीवर गेली. पहिला. दुसरा. मधली ती बारीक रेघ त्यांना फार सुंदर वाटली.

'उद्या करू,' ते मनाशी म्हणाले. देव माणसाला सद्बुद्धी देतो, पण ती आत्ताच वापरावी अशी सक्ती करत नाही.

इमारतीतल्या एकाही पुरुषाने तक्रार केली नाही, ही गोष्ट इथे नोंदवून ठेवण्यासारखी आहे. मास्तर तर आरशासमोरून जाताना दंड किंचित बाहेर काढून चालू लागले.

"माझं नाव कसं नाही आलं?" बायकोने विचारलं.

"पाचच नावं येतात. तू थोडक्यात हुकलीस."

हे त्यांच्या तोंडून गेलं तेव्हा त्यांना स्वतःलाच आत काहीतरी टोचलं. पण बायकोने "असू दे, मी काय नंबरासाठी करत नाही," म्हटलं आणि मग त्यांच्याकडे नीट पाहिलं. "पण तुम्ही कधी काढता?"

"ऑफिसात. फाइलींच्या कपाटामागे."

तिने त्यांच्या पोटाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. पण संशय घेणं तिच्या स्वभावात नव्हतं. संध्याकाळी ती बहिणीशी फोनवर बोलत होती आणि रकानेसाहेबांनी दाराआडून ऐकलं. "अगं, आमचे हे! बोलत नाहीत, पण किती मनावर घेतलंय बघ. कपाटामागे लपून करतात म्हणे." तो आवाज त्यांनी लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर ऐकला नव्हता. तो ऐकून दुरुस्तीच्या त्या दोन ओळी आणखी लांब गेल्या.

साडूंना मात्र यादी मनाला लागली. माणूस साधा, त्याने ती खरी धरली. दुसऱ्या आठवड्यात साडू रोज ऐंशी काढू लागले. तिकडे त्यांनी ऐंशी काढल्या की इकडे रकानेसाहेबांच्या नावावर नव्वद पडलेल्याच. आपली बायको तर तीसच काढते, मग नव्वद कुठून येतात, हे त्यांनी शोधायला हवं होतं. पण आवक चांगली असली की झरा कुठे आहे हे कोण खणून बघतो?

"रहस्य काय आहे, साडूभाऊ?" साडूंनी जिन्यात गाठून विचारलं. डोळ्यांखाली काळं आलं होतं. "तुम्ही माझ्याहून तीन वर्षांनी मोठे. शरीरयष्टी, म्हणजे, रागावू नका..."

"सातत्य," रकानेसाहेब म्हणाले आणि घाईने खाली उतरले.

तिसऱ्या आठवड्याच्या बुधवारी साडूंची कंबर धरली. काटकोनात वाकले ते तसेच राहिले. त्या अवस्थेतही दोन दिवस त्यांनी दवाखाना चालवला, आणि डॉक्टर एवढे जवळून बघतात म्हणून रुग्ण खूश होते असं मेव्हणीने सांगितलं. सगळे हसले. रकानेसाहेबही हसले, पण त्यांचं हसणं मधेच कुठेतरी अडकलं.

पुढच्या आठवड्यात ॲपने सगळ्यांच्या फोनवर एक संदेश पाठवला. पाणीपुरवठ्याच्या रचनेतून तो चुकून सोबत आला होता. 'या घरातील वापर अचानक वाढला आहे. गळती आहे का ते कृपया तपासावे.' खाली रकानेसाहेबांच्या घराचा क्रमांक. इमारतीने तो कौतुकाचा संदेश समजून घेतला. सेक्रेटरींनी तर शिक्का मारून सूचनाच लावली, 'येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता प्रथम क्रमांकाचे सदस्य उठाबशांचे प्रात्यक्षिक करतील. सर्वांनी उपस्थित राहावे.'

रकानेसाहेब धावत सेक्रेटरींकडे गेले. "माझं नाव यादीतून काढायचं आहे."

"क्रमांक मिळवायला अर्ज लागत नाही, सोडायला लागतो," सेक्रेटरी म्हणाले. "आणि त्याचा नमुना अजून छापलेला नाही."

रविवारी खोली भरली. सासूबाईंना खिडकीपाशी खुर्ची दिली होती. बायको पहिल्या रांगेत होती, आणि तिने चांगली साडी नेसली होती. ती साडी पाहून रकानेसाहेबांनी नजर जमिनीकडे, म्हणजे शून्य क्रमांकाकडे वळवली.

पहिली उठाबशी झाली. दुसरीला गुडघ्यांतून असा आवाज आला की मास्तरांनी वर पंख्याकडे पाहिलं. तिसरीला रकानेसाहेब खाली गेले आणि तिथेच राहिले. वर यायचा विचार त्यांच्या डोक्यातून निघाला होता, पण पायांपर्यंत पोचत नव्हता.

तेवढ्यात गर्दीतून साडू पुढे आले. कमरेला पट्टा, एक हात भिंतीला. "लोकहो, हे मुद्दाम खाली थांबलेत," ते सगळ्यांना म्हणाले. "हेच असणार रहस्य! थांबा, मीही बघतो." आणि दात ओठांत रोवून, पट्ट्यासकट, ते रकानेसाहेबांच्या शेजारी वाकू लागले. त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब उभे राहिले.

"नका!" रकानेसाहेब खालूनच ओरडले. "वाकू नका हो! त्या उठाबशा माझ्या नाहीत. घराच्या आहेत!"

दोघांना चौघांनी धरून उभं केलं. मग रकानेसाहेबांनी सगळं सांगितलं. घर, घरमालक, पाणी, दोन ओळी. त्या दोन ओळी तीन आठवडे का लिहिल्या नाहीत, एवढंच सांगितलं नाही.

"म्हणजे माझ्या उठाबशा तुमच्या नावावर?" बायकोने विचारलं. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

"हो."

"आणि मी थोडक्यात हुकले होते."

रकानेसाहेबांनी मान खाली घातली. सेक्रेटरींनी लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला आणि सगळ्यांदेखत त्यांनी घरमालक नावाचं ते पोट काढून टाकलं. पडद्यावरची यादी क्षणभर कोरी झाली. मग पुन्हा भरली. दुसरे साडू, अकराशे पन्नास. तिसरी बायको, आठशे चाळीस. चौथी मास्तरांची सून. इमारतीतले बाकीचे घरमालक शून्यावर जाऊन एका रांगेत उभे राहिले. आणि सगळ्यात वर, सोळाशे ऐंशी उठाबशांसह, सासूबाई.

सगळ्या माना खिडकीकडे वळल्या.

"गुडघ्यांच्या डॉक्टरांनी सांगितल्यात," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "सकाळी वीस, दुपारी वीस, संध्याकाळी वीस. ओट्याला धरून. जावईबापूंचं ते यंत्र फार चांगलं आहे हो. नऊ दारं उघडेपर्यंत गुडघ्यांना विसावा मिळतो."

मास्तर म्हणाले, "मला पहिल्यापासून वाटतच होतं," आणि काय वाटत होतं हे न सांगता निघून गेले. साडू पट्टा सावरत यादीकडे बघत उभे होते. "सोळाशे ऐंशी," ते पुटपुटले. "चौऱ्याहत्तराव्या वर्षी." दोन्ही जावयांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि ओळख झाल्यापासून पहिल्यांदाच दोघांच्या मनात एकाच वेळी एकाच माणसाविषयी एकच गोष्ट आली.

जिना चढताना बायको दोन पायऱ्या पुढे होती. पहिल्या मजल्यावर ती थांबली.

"का केलंत?"

"तू त्यांना कळवायचीस," रकानेसाहेब कठड्याला धरून म्हणाले. "सकाळी उठून पहिलं त्यांना. घाम पुसायच्याही आधी."

ती बघत राहिली. "हेवा वाटला? भावजींचा?"

"मुळीच नाही."

"बघा हं."

"वाटला," रकानेसाहेब म्हणाले. "चौथ्या मजल्याएवढा."

तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. ते तिने आवरलं. "अहो, त्यांनी विचारलं म्हणून त्यांना सांगितलं. तुम्ही कधी विचारलंत का, आज किती झाल्या म्हणून? एकोणीस वर्षं नळाचं पाणी विचारलंत सगळ्या शहराचं."

एवढं बोलून ती वर गेली. रकानेसाहेब तिथेच पायरीवर बसले. गुडघ्यांमुळेही बसले असतील.

सोमवारी सकाळी सहाला पाच मिनिटं कमी असताना ते बूट घालून दारात उभे होते. दार ओढून घ्यायच्या आधी बायकोने त्यांच्यासाठी ते धरून ठेवलं. खाली व्यायामाच्या खोलीत बाकावर साडू एकटेच बसले होते. महिनाभर फक्त बसायचं आणि बघायचं, असं त्यांना सांगितलं गेलं होतं. मेव्हणीला आठच्या आधी जाग येत नसे, हे सगळ्या घराला ठाऊक होतं.

रकानेसाहेबांनी बायकोचा हात धरला आणि खाली गेले. "एक," ती म्हणाली. वर आले. पुन्हा खाली गेले. "दोन. सावकाश हो, घाई नाही. श्वास घ्या आधी."

"तुझ्या किती झाल्या?"

"माझ्या राहू देत. तुमचं होऊ दे."

समोरच्या आरशात रकानेसाहेबांना बाकावरचे साडू दिसले. साडू त्या धरलेल्या हातांकडे बघत होते. मग स्वतःच्या मांडीवरच्या मोकळ्या हातांकडे. मग पुन्हा तिकडे. त्या चेहऱ्यावर जे होतं ते रकानेसाहेबांनी एका नजरेत ओळखलं. गेले कितीतरी महिने दाढी करताना ते रोज तेच बघत आले होते.

त्यांना त्या भल्या माणसाची मनापासून दया आली. आणि तिसरी उठाबशी त्यांनी अगदी सावकाश, हात घट्ट धरून, जरा बाकाच्या बाजूला वळून घेतली.